एकोणतिसाव्या वर्षी आणखी एक हंगाम

वाचकाचे पत्र (नाव आणि क्लबांची नावे गाळून, थोडक्यात): “मी मूळचा सोलापूरचा, वय २९. फुटबॉलच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेत खेळलो, अठराव्या वर्षी पुण्याला गेलो आणि तेव्हापासून पुणे, मुंबई, गोवा, केरळ आणि दिल्ली इथल्या सहा क्लबांकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो. बहुतेक सामने आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत आणि राज्यांच्या लीगमध्ये झाले. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटले. गेल्या हंगामात क्लबने शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे दिले नाहीत. आता उत्तरेतला एक क्लब आठ महिन्यांसाठी दरमहा ३५ हजार रुपये देऊ म्हणतो, तर जुळे सोलापुरातली एक खासगी शाळा क्रीडाशिक्षक म्हणून दरमहा १४ हजार मानधनावर घ्यायला तयार आहे. वडील यंत्रमागावर आहेत. माझे लग्न ठरले आहे. उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेची) शस्त्रक्रिया झालेली आहे. घरचे म्हणतात, आता पुरे. पण बचावपटू अनस एडाथोडिका तिसाव्या वर्षी भारताकडून खेळला, मग मीच का थांबावे? आणि दहा वर्षांत मला टीव्हीवर कोणी पाहिले नाही, म्हणजे मी अपयशी ठरलो का?”

सप्रेम नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो मनात तसाच राहिला तर पुढचे सगळे हिशेब चुकतील. सोलापुरात खेळाडू म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पार्क स्टेडियम आणि क्रिकेट येते, आणि फुटबॉल म्हटले तर रात्री उशिरा टीव्हीवर चालणारे युरोपातले सामने येतात. या दोहोंच्या मध्ये फुटबॉल नावाचा एक रोजगार आहे, त्यात वर्षावर्षाच्या करारावर माणसे राबतात आणि त्यातली बहुतेक कधीही प्रसिद्ध होत नाहीत, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यामुळे ‘टीव्हीवर कधी दिसणार?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याचा दोष धरू नका, पण त्याच्या मापाने स्वतःला मोजूही नका.

खालच्या श्रेणीतल्या स्टॉपरचे माप वेगळे असते. सामना संपायला दहा मिनिटे उरली आहेत, संघ एका गोलने पुढे आहे आणि समोरचा संघ आता फक्त उंच चेंडू टाकतो आहे, अशा वेळी कॉर्नरवर गोलरक्षकाला पुढे यायला सांगायचे की रेषेवरच थांबवायचे, आपल्यापेक्षा चार इंच उंच स्ट्रायकरला उडी घेण्याआधीच खांद्याने अर्धे पाऊल कसे हलवायचे, आणि घाबरलेल्या वीस वर्षांच्या राइट बॅकला एका हाकेत जागेवर कसे आणायचे, हे ज्याला येते त्याला प्रशिक्षक पुन्हा बोलावतो. खालच्या श्रेणीत प्रशिक्षकांचे एकमेकांना फोन चालतात, आणि ‘हा माणूस कसा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर वाईट आले तर दुसऱ्या वर्षी फोन येत नाही. तुम्हाला सहा क्लबांनी घेतले. भारताच्या संघाने तुम्हाला कधी विचारले नाही हे खरे. पण दहा हंगाम कोणी ना कोणी पैसे देऊन तुम्हाला मैदानावर उभे केले, हेही तितकेच खरे. याला मी अपयश म्हणणार नाही. मोठे यशही म्हणणार नाही. हा तुमचा पेशा होता आणि तो तुम्ही चोख केलात.

आता अनसविषयी. उदाहरण खरे आहे, पण तुम्ही ते अर्धेच घेतले आहे. तो मूळचा मलप्पुरम जिल्ह्यातला. २००७ मध्ये मुंबई एफसीकडून दुसऱ्या श्रेणीत खेळला, त्या संघाबरोबर वर आला, २०११ पासून पुणे एफसीत आय-लीगच्या वरच्या श्रेणीत स्थिरावला आणि २०१५ मध्ये फ्रँचायझी संघांच्या इंडियन सुपर लीगमध्ये दिल्ली डायनामोजकडे गेला. मार्च २०१७ मध्ये कंबोडियाविरुद्ध भारताकडून तो पहिल्यांदा उतरला तेव्हा वयाची तिशी गाठलेली होती, हे बरोबर. पण तोवर वरच्या पातळीवरची कित्येक वर्षे त्याच्या गाठीशी होती. उशीर झाला तो राष्ट्रीय संघाच्या बोलावण्याला. भारताचा दुसरा बचावपटू संदेश झिंगनही दुसऱ्या श्रेणीतूनच, युनायटेड सिक्कीमकडून, पुढे आला, पण तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या बचावात उभा होता. मोठे क्लब मधल्या बचावासाठी एक तर परदेशी खेळाडू आणतात किंवा स्वतःच्या अकादमीतला तरुण तयार करतात. एकोणतिसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यानिशी, दुसऱ्या श्रेणीतून थेट तिथे जाण्याची वाट मला दिसत नाही. म्हणून ‘अजून संधी मिळेल’ या एका आशेवर हा हंगाम खेळणार असाल, तर खेळू नका. खेळायचे असेल तर कारण दुसरे हवे, आणि तसे कारण आहे.

त्याकडे वळण्याआधी एक गोष्ट घरच्यांना वाचून दाखवण्यासाठी लिहितो. तुमचे दरवर्षी क्लब बदलणे म्हणजे चंचलपणा, असे त्यांना वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातल्या क्लबांचेच काय झाले ते पाहावे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या महिंद्रा युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने २०१५ नंतर आय-लीग सोडली. पुण्याचाच भारत एफसी एका हंगामात आटोपला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हे दोन्ही २०१७ च्या सुमारास या नकाशावरून पुसले गेले, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. वरच्या घरातही फार बरे चाललेले नाही. व्यापारी हक्कांच्या कराराचा घोळ न मिटल्याने २०२५ मध्ये खुद्द इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला. जिथे कंपन्या आणि फ्रँचायझी टिकत नाहीत, तिथे खेळाडूने एका जागी टिकावे ही अपेक्षाच फोल आहे.

आता पैशांकडे येऊ. क्लबचे आठ महिन्यांचे ३५ हजार म्हणजे २ लाख ८० हजार रुपये. शाळेचे १४ हजार बाराही महिने मिळतील असे धरले, तर वर्षाला १ लाख ६८ हजार. फरक मोठा दिसतो. पण गेल्या वर्षीसारखेच याही वेळी शेवटचे तीन महिने बुडाले, तर तुमच्या हाती पाचच महिन्यांचे, म्हणजे १ लाख ७५ हजार येतील, आणि घर सोडून, गुडघा पणाला लावून तुम्ही शाळेच्या मानधनापेक्षा वर्षाला जेमतेम सात हजार रुपये जास्त कमवाल. दोन्ही पर्यायांतला सगळा फरक त्या शेवटच्या तीन महिन्यांत आहे. त्यामुळे ‘खेळू की नको’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि ‘हा करार कसा आहे?’ हा प्रश्न हातात घ्या. तुमचे वडील माग सुरू करण्याआधी मजुरीचा दर आणि हिशेबाचा वार ठरवून घेत असणार. तुम्ही मात्र, पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्यावर बॅग भरायला निघाला आहात.

कराराची प्रत आधी मागा आणि ती घरी, निवांत वाचा. रक्कम दरमहा कोणत्या तारखेला आणि बँकेतूनच मिळेल, हे त्यात असले पाहिजे. करार हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे की ‘संघाचे सामने संपेपर्यंत’, हे नीट पाहा, कारण खालच्या श्रेणीत संघ गटातच बाद झाला की सामने दोन महिने आधी संपतात आणि पुष्कळदा पैसे तिथेच थांबतात. ‘कामगिरी असमाधानकारक वाटल्यास क्लब करार संपवू शकेल’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर ते काढायला सांगा. हंगाम चालू असताना सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडता येत नाही, असे जागतिक फुटबॉल संघटनेचे, म्हणजे फिफाचे, खेळाडूंचा दर्जा आणि हस्तांतर यांविषयीचे नियम सांगतात. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालात तरच करार लागू होईल, अशी अटही त्या नियमांत बसत नाही; तपासणी करायची तर ती सहीच्या आधी व्हावी. तुमच्यासाठी सर्वांत मोलाची तरतूद मात्र थकबाकीची आहे. क्लबने दोन महिन्यांचे वेतन थकवले तर खेळाडूने लेखी नोटीस द्यावी, १५ दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडून नुकसानभरपाई मागावी, असा मार्ग फिफाने २०१८ पासून नियमातच घातला आहे. तुमचा वाद भारतातल्या भारतातला असल्यामुळे तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे जाईल. तेव्हा हीच तरतूद स्वतःच्या करारात स्पष्ट शब्दांत लिहून घेतलेली बरी. दुखापतीवरचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हेही लिहून घ्या. करार महासंघाच्या नोंदणी प्रणालीत चढला आहे याची खात्री झाल्याशिवाय सरावाला उतरू नका. मध्ये एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते विचारा. नुसता ‘आपला माणूस’ असणे पुरेसे नाही.

इतके मागितल्यावर क्लब नाराज होईल, अशी भीती तुम्हाला वाटेल. होऊ द्या. जो क्लब तारीख लिहून द्यायला कचरतो तो पैसे देतानाही कचरणार, आणि ते आठव्या महिन्यात दिल्लीच्या पलीकडे कुठेतरी कळण्यापेक्षा आत्ता सोलापुरात कळलेले परवडले.

आता शाळेविषयी. घरच्यांना ती नोकरी स्थिर वाटते, कारण ती गावात आहे. पण तुमच्याकडे पदवी नाही, त्यामुळे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) नाही, आणि त्यामुळे ते पद तुमचे नाही. उद्या पात्रता असलेला उमेदवार आला की मानधनावरच्या माणसाला पहिल्यांदा जावे लागते. पदवीची उरलेली वर्षे, त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि दोन वर्षांचे बी.पी.एड., असा हिशेब केला तर नियमित क्रीडाशिक्षक होण्याचा रस्ता चार वर्षांचा तरी आहे. तो घेऊच नका असे मी म्हणत नाही. पण शाळेने आज देऊ केलेली जागा आणि ती नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात सगळ्यांना समजले पाहिजे. रेल्वेचेही कुणीतरी सुचवले असेलच, कारण मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आपल्याच गावात आहे. मात्र रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या जाहीर भरतीची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १८ ते २५ असते, त्यामुळे तो विषय संपला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथे राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व आणि अधिकृत स्पर्धांमधले स्थान पाहतात. तुमचे शालेय राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र कपाटातून काढा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दाखवा आणि कोणत्या गटाच्या पदासाठी ते चालेल, मुळात चालेल की नाही, हे विचारून या. एका सकाळचे काम आहे. दहा वर्षांत ते केले नाही, याचे मात्र मला आश्चर्य वाटते.

तर माझे मत असे. करार वर सांगितल्याप्रमाणे हाती आला, तर हा एक हंगाम खेळा. स्टॉपरच्या जागेवर धावण्यापेक्षा ओळखण्याला किंमत असते, आणि म्हणून तिशीच्या आसपासचा स्टॉपर हा कडेने धावणाऱ्या विंगरइतका म्हातारा नसतो; तुमच्या हातात विकण्याजोगे कौशल्य अजून आहे आणि त्याची किंमत शाळेच्या मानधनापेक्षा जास्त आहे. करार तसा आला नाही, तर शाळेत रुजू व्हा आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. मात्र दोन्हीपैकी काहीही केले तरी पदवीचे काम याच वर्षी सुरू झाले पाहिजे. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेश कसा मिळतो ते तुमच्या महाविद्यालयात विचारा. तिथे जमले नाही तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच. क्लबच्या खोलीत दुपारी दोन ते पाच खेळाडू काय करतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या वेळात बी.ए. होते.

दुसरे काम प्रशिक्षक परवान्याचे. महासंघाचा डी परवाना, मग सी, आणि पुढे आशियाई फुटबॉल महासंघाचे बी, ए आणि प्रो, अशी ती पायऱ्यांची रचना आहे. डी चा अभ्यासक्रम काही दिवसांचाच असतो आणि तो हंगाम नसताना करता येतो. त्यासाठी राज्य संघटनेच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या सूचनांवर लक्ष ठेवा. मे महिन्यात घरी असाल तेव्हा, ऊन चढायच्या आत, सकाळी साडेसहाला पाच-सहा पोरे गोळा करून त्यांना शिकवून पाहा. आपल्याकडचा शाळकरी बचावपटू चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूपुढे छाती ताठ करून सरळ उभा राहतो आणि संधी दिसताच पाय घालतो; तो एका झुकांडीत मागे पडतो. अंग तिरके ठेवायचे, वजन पुढच्या पंजावर घ्यायचे, समोरच्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचे आणि पाय शेवटी घालायचा, हे त्याला आजवर कुणी दाखवलेले नसते, कारण दाखवणारे सर बहुधा स्वतः क्रिकेट किंवा खो-खो खेळलेले असतात. हे दाखवताना तुम्हाला कंटाळा आला, तर प्रशिक्षण हा तुमचा पुढचा मार्ग नाही असे समजा आणि परवान्याच्या शुल्काचे पैसे वाचवा. कंटाळा आला नाही, तर शाळेलाच नव्हे, कुठल्याही अकादमीला दाखवण्याजोगे काहीतरी तुमच्याकडे तयार होईल.

गुडघ्याबद्दल मी वैद्यकीय सल्ला देणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण सही करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला गुडघा दाखवा आणि त्यांचे मत लेखी घ्या. आणि केरळमधल्या सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या स्थानिक स्पर्धांचा, उल्लेख तुम्ही पत्रात टाळला असला, तरी तिथे खेळलेला स्टॉपर सेव्हन्सपासून लांब राहिला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. रात्रीचा सामना, रोख पैसे, तुडुंब प्रेक्षक, सगळे मान्य. परंतु महासंघाची मान्यता नसलेल्या त्या सामन्यात गुडघा गेला तर क्लब हात वर करील, आणि करारभंगाचा दोष उलट तुमच्यावर येईल. या वर्षी नको.

वडिलांना काय सांगायचे, असे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. स्वप्नाविषयी बोलू नका, ते त्यांनी दहा वर्षे ऐकले आहे. वर मांडलेले आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा, आणि पुढच्या मेपर्यंत पदवीचे वर्ष, डी परवाना आणि पूर्ण आठ महिन्यांचे पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी झाल्या नाहीत तर मी बूट ठेवणार, असे स्वतःच्या तोंडाने सांगा. हीच गोष्ट होणाऱ्या पत्नीला त्याआधी सांगा. वडिलांकडून तिला कळता कामा नये. लग्नानंतर आठ महिने बाहेर राहणे तिला मान्य नसेल, तर या पत्रातला सल्ला बदलतो आणि शाळा पुढे येते.

राहिली गेल्या वर्षीची थकबाकी. ती बुडाली असे धरून तुम्ही चालला आहात, तसे धरू नका. जुना करार, बँकेचे उतारे आणि व्यवस्थापकाशी झालेले संदेश एकत्र करा, क्लबला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवा, आणि मुदतीत उत्तर आले नाही तर खेळाडू दर्जा समितीकडे तक्रार करा. भारतातल्या व्यावसायिक खेळाडूंची संघटना, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, २००६ पासून आहे. तिला लिहा, अशा प्रकरणात मसुदा कसा करायचा याचा अनुभव तिच्याकडे आहे. मिळालेल्या पाच-सहा महिन्यांच्या पैशांतून क्लबने टीडीएस कापला असेल तर तोही पाहा. तुमच्या उत्पन्नावर कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण मुदत टळली की परतावा मिळवणे फार जिकिरीचे होते. नवीपेठेतल्या कुठल्याही कर सल्लागाराकडे पॅन घेऊन गेलात तर कापलेली रक्कम तो लगेच पाहून सांगेल. नव्या क्लबला होकार कळवण्याआधी हे काम उरका.